परसूची पुनव

रामनगरच्या आमच्या ऑफिसात परसू मिराशी आला, की आधी माऊस उचलून खणात टाकायचा. "माऊस धरतोय त्यो हमाल, अक्का. कोड लिवतोय त्यो इंजिनिअर." जेवणाचा डबा सोडला, तर हाताने करावे असे जगात काही उरू नये, ही त्याची तळमळ.

उळवीकडच्या लॉजच्या खोल्या आम्ही मोबाइलवरून बुक करून देत असू. त्या नोंदींचे संगणकातले टेबल सेकंदाला किती वाचणे-लिहिणे झेपवील, तो आकडा आधी ठरवून द्यावा लागतो. एरवी लहान आकडा पुरतो. उळवीच्या पुनवेच्या जत्रेला वाढवला नाही, तर टेबल गिऱ्हाइकांना दारातूनच परत धाडते. मी तो पडद्यावर जाऊन वाढवत असे. परसूला ते बघवेना. त्याने जत्रेच्या तारखेला आकडा आपोआप वाढवणारा, मग उतरवणारा कोड लिहिला आणि हाताने बदलायची परवानगी स्वतःखेरीज सगळ्यांची काढून टाकली. "कोडात घातलं की मिटलं. आता जत्रंला झोपा काढा!" वर पेढे मागितले, तेही माझ्याकडूनच.

त्या वर्षी आम्ही खरोखर झोपा काढल्या.

पुढल्या वर्षी पुनव लवकर आली. परसूला हे ठाऊक होते. घरच्या बैलगाडीतून उळवीला जायला त्याने नेमकी त्याच दिवसांची रजा घेतली होती. कोडात मात्र गेल्या वर्षीची तारीख! जत्रेच्या सकाळी लोकांनी एकदम मोबाइल काढले आणि टेबलाने हात टेकले. लॉजवाले मला फोनवर शिव्या घालत होते, यात्रेकरू लेकरंबाळं घेऊन उघड्यावर बसले होते, आणि आमचे इंजिनिअर जंगलात, रेंजच्या बाहेर. माझा नुसता संताप झाला.

परतला तो प्रसाद घेऊन. "कोड बरोबर हाय, अक्का. पुनवच सरकली, त्येला मी काय करू?"

लॉजवाल्यांनी काम काढून घेतले, ऑफिसला कुलूप लागले. परसूला बेंगळूरला मोठी नोकरी मिळाली. मुलाखतीत हाच कोड दाखवला म्हणे. मी आता उळवीच्या एका लॉजवर फोन घेते.

परवा त्याचाच फोन. "अक्का, आईला आणतोय. पुनवंला एक खोली ठेवशील व्हय?"

"तारीख सांग," मी मुद्दाम म्हटले.

त्याने तारीख सांगितली, अगदी बरोबर. मी पोटभर सुनावले आणि खोली त्याच्या आईच्या नावावर लिहिली, हाताने.