उभ्या गाडीची रेस

थंडीच्या दिवसांत आमची गाडी उभ्या उभ्या ओरडायला लागली. गिअर न्यूट्रलमध्ये, पाय ब्रेकवर, ॲक्सिलरेटरला कोणाचा स्पर्शसुद्धा नाही, आणि इंजिन मात्र कोणीतरी रेस दाबून धरल्यासारखं चढलेलं. पिपरी मेघेतल्या आमच्या गल्लीत मी गाडी काढली की शेजारी गच्चीवरून वाकून बघायचे. तो आवाज माझ्या डोक्यात जायचा. बायको जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. घरात आवाज करणारी एवढी एकच वस्तू उरली होती, आणि तीही भांडायला उठल्यासारखी.

आधी ती अशी नव्हती. उभी असली की चालू आहे की बंद तेच कळायचं नाही. बायकोचा तर त्या शांतपणावर कधी भरवसाच बसला नाही. चौकात थांबलो की ती डॅशबोर्डवर हात ठेवून विचारायची, "बंद पडली का जी?"

"चालू हाय."

पुढच्या चौकात पुन्हा तेच. मी चिडायचो. "हो, पडली बंद. उतर आन् धक्का मार," असंही म्हणायचो, आणि ती मला तोंडघशी पाडायला खरोखर दाराच्या कडीला हात घालायची.

शेवटच्या वर्षी सेवाग्रामच्या दवाखान्यात चकरा सुरू झाल्या. सीट मागे पाडून ती डोळे मिटून पडलेली असायची. बोलायचं त्राण नसायचं, तरी गाडी थांबली की ओठ हलायचे, "बंद पडली का जी?" तेव्हा मी चिडत नव्हतो. चालू हाय, म्हणायचो आणि तिच्या अंगावरची शाल सारखी करायचो.

मुलगी पुण्याहून फोनवर म्हणायची, "बाबा, विकून टाका ती गाडी." का विकू? माझी बायको शेवटचं जे काही बोलली ते बहुतेक त्या डाव्या सीटवरच बोलली. मला तिथे बसून ते आठवायचं होतं, गाडी आधी होती तशी शांत असताना. हे इंजिन मला धड आठवूही देत नव्हतं. म्हणून ते दुरुस्त व्हायलाच हवं होतं, आणि माझ्यासमोर व्हायला हवं होतं.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेला माणूस. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, ही तिथली सवय. थंड इंजिन सुरुवातीला थोडं वर चालतंच, म्हणून आधी गाडी सेवाग्रामपर्यंत नेऊन चांगली गरम करून आणली. आवाज तसाच. मग वाटलं, एखादी रबरी नळी फुटून इंजिन जास्तीची हवा ओढत असेल. एकेक नळी चिमटीत दाबून पाहिली. फुटकी नळी दाबली असती तर आवाज खाली आला असता; एकानेही आला नाही. पायाखालची मॅट पेडलला अडत असेल म्हणून दोन्ही बाजूंच्या मॅट उचलल्या. डावीकडच्या मॅटखाली तिच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट निघालं. त्या दिवशी पुढे काही काम झालं नाही.

शेवटी नाक्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो. माझ्याच वयाचा, तिलाही ओळखणारा. गाडी आत घेताच म्हणाला, "काऊन जी, इतकी काऊन वरडून राह्यली ही?"

"तेच विचाराले आलो."

त्यानेही आधी चुकीचीच वाट धरली. रेस कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू फिरवून पाहिला, काही फरक नाही. पुन्हा फिरवला, स्वतःशीच पुटपुटला, स्क्रूला शिवी दिली. मग इंजिन बंद करून वरचा हवेचा जाड पाइप काढला आणि मला म्हणाला, "आत बसा. चालू नका करू. मी सांगतो तसं पेडल दाबा फक्त."

मी बसलो. समोर उघडं बोनेट. पलीकडचा माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

"दाबा. सोडा. अजून एकदा दाबा."

आणि माझा पाय पेडलवरच थिजला. कारण हे मी दसऱ्याला केलं होतं. अगदी हेच.

बायकोचं माहेर हिंगणीचं, भाजीपाला पिकवणारं घर. त्यांच्याकडे दसऱ्याला वर्षभर राबलेल्या वस्तूला लाल धागा बांधतात, आणि तो त्या वस्तूच्या हलणाऱ्या भागालाच. चारा कापायच्या यंत्राच्या मुठीला, शिवणयंत्राच्या चाकाला. बांधलेला धागा आपल्या हाताने काढायचा नसतो. तो झिजून आपोआप गळतो. आमच्या गाडीचा धागा दरवर्षी स्टिअरिंगला असायचा. या दसऱ्याला मात्र ती म्हणाली, बोनेट उघडा.

"वर्सभर मले दवाखान्यात कोनं नेलं? इंजिनानं नेलं. यात हलते काय, ते दाखवा."

चालू इंजिनात तिला हात कसा घालू देणार? ऐकेल तर शपथ. म्हणून मी इंजिन बंद ठेवून आत बसलो आणि ती बोनेटला टेकून उभी राहिली. "दाबा जी. सोडा. अजून दाबा. हां, दिसलं मले." माझ्या पायाबरोबर आत जे हललं त्यालाच तिने धागा बांधला. फार वेळ लागला. बोटांत जोर नव्हता तिच्या. मी आतून ओरडलो, "झालं का?" तर म्हणाली, "थांबा जी, गाठ बसू द्या." कुठे बांधला ते मी विचारलंही नाही. बोनेटवरची झेंडूची फुलं सुकायच्या आत तिला शेवटचं सेवाग्रामला नेलं.

"इकडे या," मिस्त्री म्हणाला. "हे पाहा. पेडल सोडलं तरी हा दांडा पुरा मागं येऊन नाई राह्यला. मधात कायतरी फसलं हाय."

तेलाने काळा पडलेला धागा खाली घसरून दांड्याच्या मागे दाटून बसला होता. त्याने ब्लेड काढलं, वाकला आणि गाठ पाहून थांबला.

"पूजेचा हाय हा. कोनं बांधला?"

"घरच्यांनी."

ब्लेड फडक्याने पुसून त्याने माझ्यापुढे धरलं. "मी नाई कापत जी. तुम्हीच कापा."

"थोडा बाजूले सरकवता येत नाई का?"

"आज सरकवन, उद्या पुन्हा घसरन. चालत्या गाडीत फसला तं रेस खाली येणार नाई. जिवाले धोका हाय."

मी नखांनी गाठ सोडवायला गेलो. तिची गाठ मला जन्मात कधी सुटली नव्हती. डब्याच्या फडक्याचीसुद्धा नाही. तिने बांधलेलं या जगात आता एवढंच बांधलेलं राहिलं होतं, आणि मला तेच तोडायला लागत होतं. मी कापला. दांडा खट्कन मागे जाऊन बसला.

मिस्त्रीने पाइप लावला, स्क्रू पुन्हा होता तिथे आणला, चावी फिरवली. इंजिन आधी थोडं चढलं आणि मग खाली खाली येत गेलं. तो धागा शर्टच्या खिशात टाकून मी निघालो.

चौकात गाड्या थांबल्या होत्या. मीही थांबलो. इंजिनाचा आवाजच येईना. कितीतरी दिवसांनी तोच जुना शांतपणा गाडीत भरला. मी डॅशबोर्डवर हात ठेवला, डावीकडे पाहिलं आणि वाट बघत राहिलो. पुढच्या गाड्या निघून गेल्या. मागच्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला.

"चालू हाय," मी त्या सीटला म्हणालो, आणि मग मला रडू आवरेना.