पाटावर राहिलेलं हँडल

नवशा माझा धाकटा भाऊ. आमा बहिणींच्या पाठीवर, म्हशाच्या जत्रेतल्या देवाला नवस बोलून झालेला. आमच्या सापगावात त्याच्यासारखं भात कापणारं दुसरं कोण नव्हतं. पण भातावर वर्ष निघत नाय, म्हणून वाशिंदच्या नव्या बिल्डिंगींत ड्रिल चालवायचा. काँक्रीटला भोकं पाडायची. मशीन ठेकेदाराची, हाडं ह्याची.

त्या मशीनला बाजूला एक हँडल असतं, डाव्या हातानं धरायचं. मी एकदा विचारलं, "ते कशाला रे?"

"आत सळई लागली ना बाय, की पुढचं फिरतं टोक, बिट, अडकतं आणि अख्खी मशीन गरकन फिरते. हे धरलेलं असलं तर आवरते. नायतर मनगट गेलंच." हसत सांगत होता मेला.

दसऱ्याला मशीन पूजेसाठी घरी आणली. ज्याच्यावर पोट भरतं ते आमच्यात पुजायचंच. विळा, कोयता आणि ती मशीन. पाटावर नीट बसेना, म्हणून हँडल काढून बाजूला ठेवलं. हळद-कुंकू झालं, झेंडू वाहिला. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाय.

दुपारी ठेकेदाराचा फोन. एका घरवाल्याला आजच मुहूर्तावर घरात शिरायचंय आणि पंख्याची भोकं राहिलीत. येतोस का दुसरा बघू?

आमची आई, बाईजा, आडवी आली. "पूजा मोडायची नाय."

"आये, काम जाईल माझं."

मग आईनंच तोड काढली. "तर मग मशीनचं कायतरी ठेवून जा. पाट रिकामा नको." हँडल सुटंच होतं. तेच ठेवलं.

मी म्हटलं, "अरे, ते ने ना!"

"दोन तर भोकं बाय. आणि ठेकेदारच रोज सांगतो, कोपऱ्यात मावत नाय, काढून टाक."

दुसऱ्या भोकाला सळई लागली. हा शिडीवर, मशीन डोक्याच्या वर. ती फिरली आणि उजवं मनगट पिळून मोडलं. शिडीवरून पडला नाय, देवाची कृपा, असं लोक म्हणतात. मला त्या देवाचा अजून राग येतो.

ठेकेदार दवाखान्यात येऊन काय म्हणाला? "हँडल लावलं नव्हतंस, तुझीच चूक." काढून टाक म्हणणारं तोंड ते हेच! मुडदा बशिवला त्याचा.

हाड जुळलं, पण वाकडं. मूठ वळत नाय. त्या वर्षी भात आमी बायकांनी कापलं. नवशा बांधावर बसून होता, मान खाली घालून. आई तो पाट उचलेना. "माझ्या पाटानं लेकाचा हात खाल्ला," म्हणायची आणि तिथंच बसून रडायची.

दिवाळी झाली तसा ठेकेदाराचा माणूस दारात. "मशीनचं हँडल द्या. नवा माणूस लावलाय. मशीन अर्धी हाय."

माझं डोकं फिरलं. "मशीन अर्धी दिसते, आणि माझा भाऊ अर्धा झाला ते नाय दिसत? नदीत फेकीन, पण देणार नाय!"

नवशा उठला. डाव्या हातानं हँडल उचललं, कुंकू शर्टाला पुसलं. "राहू दे बाय. त्या नव्या माणसाची मनगटं धड हायेत अजून."

स्वतः वाशिंदला गेला, स्वतः बसवलं. नव्या माणसाला सांगितलं, "हे मावलं नाय तिथं भोक पाडू नको." ठेकेदार शेजारीच उभा. म्हणाला, "बघा, आता आली अक्कल."

नवशा तिथून निघाला. घरी आला आणि आईला म्हणाला, "आये, पाट उचल आता."