दादाला ऐकू न येणारा ठोका

"नाटकं करतो मेला!" असं काका माझ्या दादाला म्हणाले, त्या दिवसापासून त्या माणसाचं तोंड बघायची मला इच्छा उरली नाही. आता काका नाहीत. तरी राग आहे. मेलेल्यावर रागावू नये म्हणतात, म्हणोत बापडे.

आमचं घर तांबटाचं. जुन्या नाशकातल्या आमच्या आळीत सकाळपासून घरोघरी हातोड्या चालायच्या. बाहेरच्याला तो नुसता खणखणाट. पण तांबटाला त्यातून आपला ठोका बरोबर ऐकू येतो, त्यावरच त्याचा हात चालतो. दादाला मिसरूड फुटली आणि त्याला तोच ऐकू येईना. हंडा मठारताना, म्हणजे ठोक्याला ठोका लावून पत्रा घट्ट करताना, हातोडी वर तशीच राहायची. वडील ओरडले की म्हणायचा, "सगळ्यांचे ठोके एकदम आत येतात. माझा कुठला तेच कळत नाही."

मग बोलण्याचंही तसंच झालं. दोघं एकदम बोलले की त्याला काही उमगेना. स्वतःचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं आणि "काय सांगत होतो गं मी?" म्हणून माझ्याकडे बघायचा. एकदा म्हणाला, "आईचा चेहरा मला अख्खा दिसत नाही. नाक दिसतं, कुंकू दिसतं, मग ते जुळवावं लागतं." आई देवापाशी जाऊन रडली. काकांनी निदान केलं, आळस!

अमावास्येला आळी बंद असायची. त्या माघातल्या अमावास्येला दादा दुकानात एकटाच बसला आणि दिवसभरात त्याने एक कळशी मठारली. एक ठोका इकडचा तिकडे नाही. मी ती उचलून वडिलांपुढे नेऊन ठेवली. मागोमाग दादा आला. म्हणाला, "मला नदीपलीकडे, पंचवटीत, एखादी पडवी बघून द्या. एकटा बसेन. काम करीन." एवढंच मागितलं हो त्याने! वडील कबूलही झाले होते. पण काका मध्ये पडले. "लाड करू नकोस. आधी रहाडीत बुडवू. माणसांची भीती मोडली की पोरगं ताळ्यावर येतं."

रहाड म्हणजे आमच्या चौकात जमिनीखाली बांधलेला रंगाचा खोल हौद. रंगपंचमीला उघडतात, लोक हौसेने त्यात उड्या मारतात. दादाला मात्र हातपाय धरून नेलं. ढोल, आरोळ्या, ही गर्दी! तो जिवाच्या आकांताने ओरडत होता, "एकेक जण बोला! अरे, एकेक जण!" लोक हसले. काकांनी त्याला पुन्हा पुन्हा बुडवायला लावलं. वडील तिथेच उभे होते.

पुढे एका डॉक्टरांनी मला सांगितलं, हा मेंदूचाच आजार, तो वाढायचा तसा वाढलाच असता. असता! पण दादाने वेळेवर तोंड उघडून सांगितलं होतं ना, आपल्याला काय हवं ते? कुणाच्या बापाचं काय जात होतं?

रंगपंचमीनंतर वडिलांनी मुकाट्याने पंचवटीत पडवी घेतली. मी डबा घेऊन गेले. दुपारची वेळ, आसपास चिटपाखरू नाही. दादा हातोडी मांडीवर ठेवून बसलेला, समोरचं पातेलं कोरंच.

"दादा, इथे कुणी नाही. ठोक ना."

"आहेत की," तो म्हणाला. "सगळे आलेत. काकासुद्धा. त्यांना सांग ना, एकेकाने बोला."