होय मास्तर

तांडा सोडला त्या सकाळी माझी याडी ढावलो गाऊ लागली. याडी म्हणजे आई. ढावलो हे आमच्या बंजारा बायकांचं मुलगी सासरी निघताना गळ्यात पडून, रडत गायचं गाणं. बापूने तिला गप्प केलं. "पोरगा शाळेत चालला, सासरी नाही," असं तो आमच्या गोरमाटी बोलीत म्हणाला आणि पुढे चालू लागला. शेलूबाजारच्या एका व्यापाऱ्याची कापसाची गाडी वाशीमला निघाली होती. तिच्यामागून आम्ही तिघं गेलो : बापू, मी आणि माझ्या काकाचा मुलगा धनू. मला बाजारात फिरून फिरून थोडीफार मराठी आली होती. धनूला एक शब्द येत नव्हता.

तांड्यातल्या माझ्या माणसांनो, हे तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवील. आणि माझ्यासारखे जे कोणी शिकायला म्हणून निघाले आणि अकोल्याला, खांडव्याला, कुठे कुठे राहून गेले, त्यांनी हे स्वतः वाचावं. त्या शाळेबद्दल मी आजवर कुणाशी धड बोललो नाही.

बापूने आम्हाला का पाठवलं, ते आधी सांगतो. आसपासच्या गावांत काही चोरीला गेलं की पोलीस पहिल्यांदा आमच्या तांड्यात येत आणि दोन-चार बाप्यांना चौकीत घेऊन जात. तिथे बापूची मराठी अडखळे, आणि अडखळला की तो खोटा ठरे. "आपल्या बाजूनं बोलणारा एक तरी पाहिजे," हे त्याचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

वाशीमला एका माळ्याच्या मळ्यात आमची राहण्याची सोय झाली. सकाळी वाफ्यांना पाणी द्यायचं, मेथी-पालकाच्या जुड्या बांधायच्या आणि मग शाळा. माळीणबाई मायाळू होती. पहिल्या दिवशी धनूने ताटाला हात लावला नाही, तेव्हा ती त्याच्यासमोर बसून म्हणाली, "काहून रे, जेवत काहून नाहीस? मायची आठवण येऊन राह्यली काय?" धनूला शब्द कळले नाहीत, पण तो जेवला. तिचा नामदेव आमच्याच वर्गात होता.

शाळेत आम्हा दोघांची जागा दाराजवळ होती. तिथे लमाणी, म्हणजे आमची गोरमाटी, बोलायची बंदी होती. मास्तर म्हणत, "ही चोरांची भाषा. यात काय ठरवता, कुणाला कळणार?" धनूला प्रश्न विचारला की मी हळूच त्याला आमच्या बोलीत सांगायचो, आणि मग छडी दोघांनाही बसायची. मळ्यातून निघायला उशीर झाला तर नामदेवला बोलणी बसत. त्याच्याबरोबर त्याच वाटेने आलेल्या आमच्या पायात मात्र खोडा. खोडा म्हणजे लाकडाचा जड ओंडका, साखळीने पायाला बांधलेला. पळणाऱ्या पोरांसाठी तो ठेवला होता. आम्ही कधीच पळालो नव्हतो. पळून जाणार कुठे? तांड्याची वाटही आम्हाला नीट ठाऊक नव्हती.

या सगळ्यातून धनू मराठीचे दोन शब्द शिकला : "होय मास्तर." कसलाही प्रश्न असो, तो हे म्हणायचा. कधी कधी उगारलेली छडी न मारताच खाली यायची, म्हणून त्याला वाटे की हेच बरोबर उत्तर आहे.

एका दुपारी वकिलाच्या मुलाच्या कानातली भिकबाळी दिसेना. मोत्याची होती. मास्तरांनी वर्गावर नजर फिरवली आणि ती दाराशी येऊन थांबली.

"बाळी तू घेतलीस?" त्यांनी धनूला विचारलं.

"होय मास्तर," धनू म्हणाला.

मी उठून उभा राहिलो. "मास्तर, त्याले समजत नाही. तो सगळ्यालेच होय म्हणतो. तुमी काहीबी विचारून पाहा."

"तुला कुणी विचारलं?"

"मास्तर, एकदा त्याले विचारा की तू वाघ हायेस काय."

मुलं हसली. मला हसवायचं नव्हतं. मास्तरांचा चेहरा लाल झाला. आम्हा दोघांच्या पायात खोडा घालून त्यांनी आम्हाला सरपणाच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. छताजवळ एक झरोका होता. धनू मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "मी काय चुकीचं बोललो?" मी सांगितलं. त्यानंतर त्याने ओंडका उचलून दारावर मारायचा प्रयत्न केला, आणि तो ओंडका त्याच्याच पायावर पडला.

संध्याकाळी माळीणबाई आली. बाहेर शिपायाशी तिचा आवाज चढलेला ऐकू आला. "लेकरायले असं कोंडतेत काय? तुमच्या घरी पोरं नाहीत काय?" कडी उघडली नाही. दाराखालच्या फटीतून तिने भाकरीचे तुकडे आत सरकवले.

दुसऱ्या दिवशी वकिलाचा मुलगा बाळी घालून शाळेत आला. डोक्याला तेल लावताना त्याच्या आईनेच ती काढून ठेवली होती. शिपायाने कडी काढली, साखळ्या सोडल्या आणि म्हणाला, "चला, वर्गात बसा." मास्तरांनी त्या दिवशी भूगोल शिकवला.

मधल्या वेळात त्या बाळीसाठी बापूला तांड्यातून आणून चौकीत बसवलं होतं, हे तो मळ्यात आला तेव्हा कळलं. त्याचा ओठ फुटला होता. मी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणालो, "मला घरी ने." त्याने धनूच्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं, त्याला खांद्यावर घेतलं. मग माझे हात सोडवले.

"धनूला नेतो. तू राहा."

"का?"

"काल तू धनूच्या बाजूनं बोललास, असं माळीण सांगत होती."

तो निघाला. धनू त्याच्या खांद्यावरून मागे माझ्याकडे पाहत राहिला. माझ्या पायात तेव्हा काही नव्हतं, तरी मला त्यांच्यामागे जाता आलं नाही. त्यानंतरची शाळेची सगळी वर्षं मी तशीच काढली. शिकलो, पहिल्या नंबराने पास झालो, अकोल्याला मास्तरकी शिकवणाऱ्या नॉर्मल स्कुलात गेलो, मास्तर झालो. लोक याला माझी प्रगती म्हणतात. मला मात्र वाटतं, मला कोणी बाहेर सोडलंच नाही. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेलं, एवढंच.

आता मी खांडव्याला असतो. माझ्या घरात मराठी आणि हिंदी चालते. बायको दुसऱ्या मुलखातली, मुलं तिला आई म्हणतात. याडी गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बापूही आता नाही.

गेल्या दिवाळीत तांड्यावर आलो होतो. धनू अजून थोडा लंगडतो. त्याची धाकटी पोर तल्लख आहे; मी आणलेल्या पाटीवर तिने बघता बघता बैल काढला. मी म्हणालो, "हिला शाळेत घाल, धनू. आता दिवस बदलले."

धनू चिलीम भरत होता. तो शांतपणे म्हणाला, "तू त्यातून वाचलास, म्हणून शाळा चांगली होत नाही."

त्याने चिलीम पेटवली.

मग म्हणाला, "तू इथं येऊन शिकव. हिला पहिली पाठवतो."

बदलीसाठी मी अर्ज केला. साहेब म्हणाले, तांड्यावर शाळाच नाही तर मास्तर कशाला? पुन्हा केला. बायको म्हणते, पोरांचं काय? तिचंही खरं आहे. पण तुम्हाला सांगतो, घर म्हटलं की आता मला याडीही आठवत नाही, बापूही नाही. पाटीवर बोट ठेवून, "बैलाला आपण जे म्हणतो ते इथे कसं लिहायचं?" असं आमच्या बोलीत विचारणारी धनूची पोर दिसते. तिला उत्तर द्यायच्या आत माझ्या गाडीची वेळ झाली होती.