बदकं आणि निळी काच

लकव्यानं वडिलांची उजवी बाजू गेली तेव्हा मी बारावीला होते. मंठ्यात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. शिवायला कारागीर चालायचा, पण कापड बेतून कापायचं काम त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. पाय लवकर चालू लागला. हात मात्र मांडीवर पडून असायचा. डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा, पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल तेच आपलं. व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, तर वडील "मी काय लेकरू हाय का" म्हणून तो खाटेखाली घरंगळू द्यायचे.

शेवटी हाताला लागू पडलं ते लेकराचंच खेळणं. मामानं धाकट्या भावासाठी जालन्याहून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता, त्यात तार जोडलेली प्लास्टिकची बंदूक. पडद्यावर बदकं उडायची, आपण खटका दाबायचा. खटका चांगला कडक होता, कात्रीसारखा बोटांत जोर मागायचा. एका संध्याकाळी वडिलांनी ती मागून घेतली, डाव्या हातानं उजव्यात बसवली आणि खाटेवरूनच नेम धरला. आधी बोट वळायला लागलं, मग मनगट, आणि दिवाळीपर्यंत हात खांद्याइतका वर यायला लागला. त्या गेमचा हा गुण मी आजही नाकारणार नाही.

अवगुण असा की बदक सुटलं की पडद्यावरचा कुत्रा उभा राहून हसायचा, आणि वडिलांचं एकही बदक पडत नव्हतं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी आमची गत झाली. आईनं आवाज बंद करायला लावला, तरी त्याचे दात दिसायचेच.

भाऊ बंदूक पडद्याला जवळजवळ टेकवून मारायचा, त्याची बदकं पटापट पडायची. "तुम्ही बी जवळ या की," तो म्हणायचा.

"गिऱ्हाइकाच्या मांडीवर बसून माप घेतो का मी?" वडील म्हणायचे.

"अवो, बंदूकच खराब आसंल," आई म्हणाली.

"पोराच्या हातात तर बराबर चालून राह्यली. नाचता येईना, अंगन वाकडं, ते आपल्याला जमत न्हाई."

आणि एक दिवस त्यांनी बंदूक खाली ठेवली. "हात वर येतो, पन नेम न्हाई. नेम नसलेल्या हातानं लोकायचं कापड कसं कापू?" आम्ही भांडलो, विनवण्या केल्या. हट्टी माणूस, त्याच महिन्यात दुकान सोडलं आणि कात्र्या जिंतूरच्या एका कारागिराला देऊन टाकल्या. हात परत मांडीवर गेला आणि तिथंच राहिला.

उन्हाळ्यात टीव्ही बिघडला. त्या वेळी घरोघरी टीव्हीपुढे प्लास्टिकची निळी काच लावलेली असायची, डोळे खराब होऊ नयेत म्हणून. आमची वडिलांनीच आणली होती, पोरांच्या डोळ्यांच्या काळजीनं, आणि कडेला कापडी पट्टी शिवून नीट बसवली होती. मेकॅनिकनं ती काढली, काम केलं आणि ती तशीच भिंतीला टेकवून निघून गेला. टीव्ही नीट झाला का बघायला भावानं गेम लावला. वडिलांच्या पायाशी खाटेवर बसूनच त्यानं खटका दाबला. बदक पडलं. दुसरं पडलं. तिसरंही.

नेम ओळखायला बंदुकीला पडद्याचा उजेड लागायचा आणि खाटेपर्यंत तो त्या काचेतून पुरेसा पोचत नव्हता, एवढंच. मला इतका राग आला की काच पायाखाली घेऊन मोडावीशी वाटली. मोडून तरी काय होणार होतं.

वडिलांनी डावा हात पुढे केला. भावानं बंदूक दिली. त्यांनी ती उजव्या हातात बसवली, बोटं एकेक करून गुंडाळली. हात मांडीवरून जेमतेम उचलला आणि तो खाली आला. त्यांनी परत उचलायला बघितलं. बदकं उडून गेली.

मग वडील आईला म्हणाले, "म्हंजी तवा माझा नेम बराबर व्हता."

"व्हता," आई म्हणाली आणि त्यांच्या बोटांतून बंदूक सोडवायला लागली.