कोकणातली जाऊ, लातूरचं हवामान

माझी धाकटी जाऊ कोकणातली. खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन ती थेट लातूरला आली, तीही ऐन मे महिन्यात. आठवडा झाला नाही तोच भर दुपारी तिचा घोळणा फुटला. ओढणीवर रक्त पाहून मी लाटणं टाकून धावले, तिच्या टाळूवर पाणी थापलं, कांदा फोडून नाकाशी धरला. ती रडत म्हणाली, "ताई, इथलं हवामान मला मानवणार नाही."

माझं डोकंच सणकलं. मी नांदेडची, इथल्या उन्हातच वाढलेली. आमच्या भागाला कुणी नावं ठेवली की मला खपत नाही. "आठ दिवसांत तुला हवामान कळलं व्हय गं? लई हुशार हायस की!"

ती भूगोलाची शिक्षिका. नाकाशी कांदा तसाच धरून ती चक्क हसली. "बरोबर बोललात ताई. आज दिसतेय ती नुसती हवा. ती रोज बदलते. हवामान म्हणजे वर्षानुवर्षांची सरासरी. निदान तीस वर्षं तरी बघावं लागतं."

"मग ऱ्हा तीस वर्षं, अन् मग सांग!"

तोंडानं फणकारले खरी, पण आतून मी घाबरले होते. सासूबाई गेल्यापासून या घरात बाई माणूस मी एकटीच. ही पोरगी आली आणि आठ दिवसांत स्वयंपाकघरात बोलणं सुरू झालं. तिची आई मात्र रोज संध्याकाळी फोनवर सांगायची, "इकडच्या शाळेत जागा आहे, जावईबापूंचंही इकडेच बघू." दीर तर बायको म्हणेल तिकडे निघणारा. मी भांडी घासता घासता सगळं ऐकायचे आणि भांडी जरा जास्तच आपटायचे.

त्याच महिन्यात आम्ही कुरडया घातल्या. सकाळी गच्चीवर घातलेल्या कुरडया संध्याकाळी खडखडीत वाळल्या. ती एकेक उचलून बघत राहिली. "आमच्याकडे मिठालासुद्धा पाणी सुटतं, ताई!" मग तिथंच तिनं समजावलं. पावसाळ्यात समुद्रावरून वारं पाणी घेऊन येतं, सह्याद्री चढताना गार होतं आणि बरंचसं पाणी तिकडेच सांडतं. डोंगर उतरून आमच्याकडे येईपर्यंत त्याची झोळी जवळजवळ रिकामी.

"म्हंजी आमचं पाणी तुमच्या डोंगरानं खाल्लं म्हण की!"

ती इतकी ओशाळली, जणू डोंगर तिच्या माहेरच्यांनीच बांधला होता. मग आम्ही दोघी पोट धरून हसलो. जगात बऱ्याच ठिकाणी असंच आहे, म्हणाली, डोंगराचं तोंड हिरवं आणि पाठ कोरडी. फोडायला आणलेलं टरबूज हातात धरून तिनं दाखवलं, की पृथ्वीच्या पोटावर ऊन सरळ पडतं म्हणून तिथं ऊब जास्त, आणि दोन्ही टोकांना तिरपं पडतं म्हणून तिथं बर्फ. मग आम्ही पृथ्वी कापली आणि खाल्ली. गोड निघाली.

डिसेंबरात ती कुडकुडली. स्वेटर नावाची वस्तू तिच्या पेटीत नव्हतीच. माझी शाल गुंडाळून ती पहाटे गच्चीत जायची आणि तोंडातून वाफ निघाली की पोरीसारखी टाळ्या पिटायची. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाश निवतो, म्हणून त्याच्या शेजारी फार ऊनही नाही, फार थंडीही नाही, असं ती सांगायची. आपण समुद्रापासून लांब, त्यात बालाघाटाच्या उंचीवर, म्हणून इथली जमीन झटकन तापते आणि झटकन गार पडते. निलंग्याच्या वाटेवर, आमच्या पाहुण्यांच्या शेतात तिनं पहिल्यांदा हुरडा खाल्ला. गरम कणीस तळहातावर चोळताना तिचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले. मला तिचं लई कौतुक वाटायचं. ज्या हवेत मी जन्म काढला, ती मला या परक्या पोरीनं दाखवली.

मार्चात एकदा गारा पडल्या. ती परात घेऊन अंगणात धावली आणि तिथूनच ओरडली, "ताई, हे दरवर्षी होतं?"

"न्हाई गं, ही नुसती हवा हाय!" मी म्हटलं. ती परातीसकट वाकून हसली.

पुन्हा मे आला आणि त्याच्याबरोबर तिची आई आली. बाई कूलरसमोर बसून पदरानं वारा घेत होत्या. "वर्ष काढलंस, पुरे झालं," त्या लेकीला म्हणाल्या. "आपल्याकडच्या शाळेला आज उत्तर द्यायचंय. हो म्हणून टाक."

मी आत कुरडयांचा चीक शिजवत होते. माझा हात थांबला. वर्षभर मी याच उत्तराला भीत आले होते, आणि आता ते भिंतीपलीकडून येणार होतं.

"आई, एका वर्षावरून हवामान सांगता येत नाही," ती म्हणाली. "तीस वर्षं लागतात. अजून एकोणतीस राहिलीत."

मग तिचाच आवाज आला, "ताई, चीक खाली लागतोय बघा, वास यायलाय!"

चीक खरंच करपला होता. मी तो तसाच ढवळत राहिले आणि भडाभडा रडले.