बाहीचं माप

एकोणीसशे तीसच्या दशकात आम्ही नवराबायको नाशकात एका पाववाल्याच्या विधवेकडे माडीवर भाड्याने राहत होतो. तिचा नवरा गेल्यावर वर्षभरात जागामालकाने दुकान परत घेतलं. तिथल्या भट्टीचं लोखंडी दार तेवढं तिने उचलून आणलं आणि परसात नवी भट्टी बांधायला काढली. भट्टी चालली तर तिला याच घरात राहता येणार होतं. नाहीतर ईदनंतर मनमाडचा भाऊ तिला घेऊन जाणार, हे ठरलेलं होतं.

मापं नवऱ्याच्या तोंडची, तिला पाठ. घुमटाची आतली उंची सव्वा हात. निफाडकडच्या गवंड्याने कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात लावला आणि घुमट उभा केला. दार जुनंच बसवलं.

पहिल्याच दिवशी धूर तोंडातून उलटा परसात आला. पाव खालून करपले, वरून पांढरेच राहिले.

"भाभी, दार लय उंच झालं. सगळी आच तिथूनच पळती," गवंडी म्हणाला. "विटांची रांग लावून तोंड बुजवतो थोडं."

"दार त्यांचं आहे, ते चुकलेलं नाही. घुमट कशाने मोजला?"

"हातानं. हात म्हंजे हात."

"कुणाचा?"

गवंडी बुटका होता. त्याचा हातही आखूड होता.

ती आत जाऊन पेटीतून नवऱ्याचा कामावरचा सदरा घेऊन आली. तो धुतलेला नव्हता. तापलेले पत्रे धरायला बाही बोटांवर ओढता यावी म्हणून नवरा ती बोटांच्या टोकापर्यंत लांब ठेवी. कड जळून तपकिरी झाली होती, कोपरावर ठिगळ होतं.

"घाला, मिस्त्री."

"गेलेल्या माणसाचं कापड... नको भाभी. सुतळी द्या, सुतळीनं मोजतो."

"सुतळीला कोपर असतं का? घाला."

त्याने हात घातला. कोपर ठिगळात बसलं. बोटं संपली तरी बाही पुढे चार बोटं रिकामी लोंबत होती. तिने ती जळकी कड चिमटीत धरली, आत कुणाची बोटं असावीत तशी, अलगद.

"इथपर्यंत," ती म्हणाली.

एका हाताला चार बोटं कमी, म्हणजे सव्वा हाताला पाच. गवंड्याने घुमट उतरवला, खालच्या भिंतीवर विटांचा एक थर वाढवला आणि घुमट पुन्हा बांधला. ओल जाईपर्यंत मंद आच ठेवली. मग भट्टी पेटवली तेव्हा धूर सरळ धुराड्यात गेला आणि पाव वरून तांबूस निघाले.

ईदनंतर भाऊ आला. पावांचं गाठोडं घेऊन एकटाच परतला.

सदरा मात्र तिने पुन्हा पेटीत ठेवला नाही. तो भट्टीशेजारच्या खुंटीवर असे. भट्टी तापली की त्याची उजवी बाही हळूहळू हलू लागे. ऊन हवेने कापड हलतं, हे मला ठाऊक होतं. तरी पाव आणायला परसात गेलो की मी खुंटीकडे पाठ करून उभा राहत नसे.